एक ठोका, थांबून दोन

बामगोलच्या मावशीनं त्या दिवशी उजाडल्यापासून घर पुसायला घेतलं, आणि तिथंच घात झाला.

तिचं कागदावरचं नाव बोंग जोमरे. पण आमच्या सोलमोरीत सून होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेराच्या गावावरूनच हाक मारायची रीत. ती डोंगरापलीकडच्या बामगोलहून आली, म्हणून एकोणसाठ वर्षं बामगोलचीच राहिली. मी तिच्या घरी रोज तीन तास जायची. सरकारनं नेमलेली सेविका. तिच्या नवऱ्याला, प्यो दालसूआजोबांना, आंघोळ घालायची, जेवण भरवायचं, औषध द्यायचं, आणि तेवढ्या वेळात मावशीला जरा पाठ टेकू द्यायची. आजोबा ब्याऐंशीचे. चाळीस वर्षं गावच्या भातगिरणीवर मापाडी होते. आता मला रोज सकाळी विचारायचे, "बाई, तू कुनाची?" मी म्हणायची, "थेमिनची आई मी." ते मान डोलवायचे, आणि दहा मिनिटांनी परत विचारायचे.

सरकारनं आजारी म्हाताऱ्यांच्या पाच श्रेण्या केल्यात. पहिलीतला अंथरुणाला खिळलेला, पाचवीतला नुकता विसरायला लागलेला. त्यापलीकडं 'श्रेणीबाहेर', म्हणजे ठणठणीत, म्हणजे तुमचं तुम्ही बघा. आजोबा चौथीत होते. दोन वर्षं झाली की कचेरीतून माणूस येऊन परत तपासतं. ऑक्टोबरच्या शेवटी तशी चिठ्ठी आली.

आदल्या दिवशी मी मावशीला बजावलं होतं, "उद्या काही आवरू नका. आहे तसं राहू द्या."

"आगं, सरकारी मानूस घरात यायचं आन भित्ताडाला तसलं फासलेलं ठिवू?"

"तेच दिसू दे त्यांना."

"तुजी जीभ झडंल. बघंल त्यो काय म्हनंल? प्योच्या घरची सून आळशी, व्हय ना?"

सकाळी नऊला गेले तर घर आरशासारखं. भिंत घासलेली. ओल्या गाद्या शेजारच्या हादोंगचीच्या गोठ्यात दडवलेल्या. मोरीत कापूर. भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरचं पान, जे एरवी पंधरा-पंधरा दिवस तसंच लोंबायचं, ते आजच्या तारखेपर्यंत फाडून नीट केलेलं. आजोबांची दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते कॅलेंडरासमोरच, गुडघ्यावर मुठी ठेवून, ताठ बसलेले.

ह्वांगबाई दहाला आल्या. पस्तिशीच्या, मऊ बोलणाऱ्या. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटोचं ओळखपत्र. वाईट बाई नव्हती हो ती. तिला दिवसात पाच घरं करायची होती आणि आमचा रस्ता घाटाचा.

"आजोबा, तुमचं नाव?"

"प्यो दालसू."

"वय?"

"ब्याऐंशी."

"आज तारीख काय?"

आजोबांची नजर भिंतीवर गेली. तारीख सांगितली. वारही सांगितला.

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बाहात्तर." ते थांबेचनात. बाईंनीच हसून हात वर केला. "पुरे, पुरे. माझ्यापेक्षा भरभर येतंय तुम्हाला."

मी त्यांच्या मागं बसले होते. मला दिसत होतं ते बाईंना दिसत नव्हतं. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर गारठा, आणि माणूस घामानं निथळत होता.

मग बाईंनी मावशीला विचारलं, तेही त्यांच्या तोंडावर. "आजी, यांना संडासचं कळतं का? कुठं निघून जातात का?"

मावशीनं नवऱ्याकडं बघितलं. तो समोर बघत होता. "कळतं की," ती म्हणाली. "समदं कळतं. आमचं बरं चाललंय."

मला राहवेना. मी तोंड उघडलं, तसं बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "ताई, सेविकेचं म्हणणं आम्हाला धरता येत नाही. तुमची नोकरी त्याच्यावर असते ना."

मावशीनं वाळवलेल्या, जर्दाळूसारख्या गोड पर्सिमन फळांची पिशवी भरून दिली, ती बाईंनी घेतली नाही. त्यांना घ्यायची परवानगी नसते. गाडी वळणाआड गेली, आणि आजोबा बसल्या जागी ओले झाले. पाणी पसरत पसरत कॅलेंडराखाली गेलं. माझ्याकडं वळून ते हळूच म्हणाले, "गेले का?"

"कोण?"

"बंदूकवाले."

उत्तर-दक्षिणेच्या लढाईच्या साली आजोबा नऊ वर्षांचे होते. दिवसा गावात शिपाई असायचे, गळ्यात बंदुकीचे पट्टे अडकवलेले. पोरासोरांना रांगेत उभं करून विचारायचे, नाव काय, वय काय, आज वार कोणता, रात्री कुणी कुणाला तांदूळ दिले. ज्याची जीभ अडखळली त्याच्या घरच्याला शाळेमागं न्यायचे. आणि सांज झाली की डोंगरात लपलेली बंडखोर माणसं उतरायची, ती हाका मारून घरातल्या बाप्यांना उठवायची. आजोबांची आई पोराला परसातल्या रताळ्याच्या पेवात ढकलायची. सांगायची, कुणी बी हाक दिली तरी ओ द्यायची न्हाई. माज्या आवाजात दिली तरी न्हाई. माज्या मानेवर सुरी असंल तर म्याच हाक मारीन. रांजणाच्या झाकणीवर पळी वाजंल, एक ठोका, थांबून दोन, तवाच भाईर यायचं.

हे आजोबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला एकदा सांगितलं, परत कधी नाही. तिनं मला सांगितलं ते त्या दिवशी, फरशी पुसता पुसता.

म्हणजे गळ्यात पट्टा घातलेलं माणूस दारात आलं की हा विसरभोळा म्हातारा नऊ वर्षांचा व्हायचा, आणि त्या पोराला एकच ठाऊक होतं, की उत्तर चुकलं तर घरचं माणूस जातं. भीतीनं त्याची अक्कल लख्ख उजळायची. तेवढी पाऊण घटका. आणि सरकार नेमकी तेवढीच मोजत होतं.

नोव्हेंबरात पत्र आलं. श्रेणीबाहेर. महिनाअखेरीस माझं जाणं बंद.

उल्सानहून मुलाचा फोन आला. मावशी फोन लांब धरते, त्यामुळं सगळ्यांनाच ऐकू येतं. "आई, मग शुश्रूषा-इस्पितळात टाकू या त्यांना. तू एकटी कशी करणार?"

मावशीनं फोन ठेवून दिला. तसल्या इस्पितळाचं आमच्याकडं नाव निघालं की बायका दाराकडं बघतात. हादोंगचीची नणंद होती तिथं. एका खोलीत सहा आडवी माणसं, हाताला जाड मोजे बांधलेले, नळी उपसू नये म्हणून. हादोंगची एकदा भेटून आली आणि तीन दिवस जेवली नाही.

"तितनं मानूस डब्यातनंच परत येतंय," ती म्हणायची. "राखंचा डबा. आन त्यो बी झाकन घट्ट लावून, जनू पळून जाईल."

माझ्याकडं एक अर्ज होता. तालुक्याच्या कचेरीत डिसेंबरात सभा होती, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचं पुढच्या वर्षीचं धोरण ठरवायच्या आधी लोकांचं ऐकून घ्यायची. वरची माणसंही येणार होती, ह्वांगबाईंचे साहेबसुद्धा. बोलायचं असेल त्यानं आधी अर्ज द्यायचा. नाव, पत्ता, तक्रार, खाली सही किंवा अंगठा. त्याच कागदावर श्रेणीचा फेरविचारही मागता येत होता. मी सगळं लिहून नेलं. मावशीनं फक्त अंगठा द्यायचा होता.

तिनं लाल शाईची डबी बघितली आणि हात जाड जाकिटाखाली घेतले.

"न्हाई द्यायची म्या."

"मावशी, नुसता अंगठा."

"नुस्ताच असतोय त्यो." ती भिंतीकडं सरकली. "माज्या बाला बी तसंच म्हनाले. हितं अंगठा लाव, एक पोतं जव घिऊन जा. त्यानं लावला. म्या पाच वर्षाची. घरी आला, हसत हसत त्यो लाल अंगठा माज्या गालाला लावला. आयनं वरडून पुसला. जव लई गोड लागलं. आन म्हैन्यानं ट्रक आला, कागद वाचून नावं घेतली. ज्याचा ज्याचा अंगठा, त्यो त्यो ट्रकात. माघारी कोन न्हाई आलं."

हादोंगची तिथंच लसूण सोलत होती. एरवी तिच्या जिभेला हाड नाही. त्या वेळी तिनंही मान खाली घातली. सोलमोरीत सत्तरीपुढचं एकही माणूस असं नाही की ज्यानं कागदावर नाव देताना दोनदा मागं बघितलं नसेल. आमचे सरपंच वर्षानुवर्षं दवाखान्याच्या बससाठी सह्या गोळा करतात. बस हवी सगळ्यांना, सह्या सहा.

मी अर्ज घडी घालून मावशीच्या तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि घरी आले. पहिल्या तारखेपासून मला खालच्या गावातलं दुसरं घर मिळालं.

चार डिसेंबरला, सूर्य डोंगराआड जायच्या वेळेला, हादोंगचीचा फोन आला. "थेमिनच्या आये, पळ. दालसूआजा घरात न्हाई. बामगोलची येडी झालीया."

मी गाडी काढून वर पोचेपर्यंत निम्मं गाव बाहेर होतं. ओढ्याला काठाकाठानं बर्फ धरलं होतं. सरपंच कर्ण्यावरून हाका मारत होते. मावशी परसातून ओढ्याकडं, ओढ्यावरून परसात, अनवाणी. "आवं! आवं, कुटं हायसा? म्या हाय, म्या!" तिचा आवाज फाटला होता. सगळ्या दिशांनी हाका, आणि उत्तर कुठूनच नाही.

मग ती एकदम थांबली. तोंडावर हात ठेवला.

"गप बसा समदी," ती म्हणाली. "हाका मारू नगासा. हाका मारतोय म्हनूनच यीना त्यो."

रांजणांच्या ओट्यावर गेली. लाकडी पळी घेतली. सोयाबीनचा लगदा आंबवायच्या मोठ्या रांजणाच्या झाकणीवर एक ठोका दिला. थांबली. मग दोन.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. परसाच्या टोकाला, जुन्या तंबाखूच्या कोठाराच्या मागं, पेंढ्याखाली काहीतरी हललं. सत्तर वर्षांपूर्वीचं ते पेव कधीच बुजलं होतं, उरला होता गुडघाभर खड्डा. त्यात तो पोटाशी पाय घेऊन पडला होता, पेंढा अंगावर ओढून. आमच्यातली चारपाच माणसं त्याच्यापासून दहा हातांवरून हाका मारत गेली होती. त्यानं त्या सगळ्या ऐकल्या होत्या. ओठ निळे पडले होते.

आजोबांना खालून तापवलेल्या गरम फरशीवर रजईत गुंडाळलं. मावशी त्यांचे पाय चोळत होती. वर न बघता मला म्हणाली, "त्यो कागद आन. डब्यावर हाय."

अंगठा तिनं एवढा जोरात दाबला की कागद फाटतो की काय वाटलं. मग मोरीवर जाऊन घासत बसली. मी म्हटलं, जाईल दोन दिवसात. ती घासतच राहिली.

सभेपर्यंतचे दहा दिवस ती धड झोपली नाही. घाटात गाडीचा आवाज आला की उठून खिडकीशी. एकदा गॅसवाला आला तर मागच्या दारानं आजोबांना घेऊन हादोंगचीच्या गोठ्यात.

"आगं, गॅसवाला हाय त्यो, भोपळ्या!" हादोंगची ओरडली. "तुज्या अंगठ्यासाठनं कोन येतंय? आजकालच्या पोरांना आपली नावं सुदिक वाचता येत न्हाईत."

"कागद वाचतोय कुनीतरी," मावशी म्हणाली. "कंदीतरी."

चौदा तारखेला दुपारी तीनला सभा. हादोंगचीही येणार होती, आजोबांना ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून बरोबरच घेतलं. सभागृहात साठेक माणसं, समोर रंगमंच, त्याला जमिनीपर्यंत लोळणारा मखमली पडदा. रंगमंचाखाली टेबलं मांडून साहेबलोक. दारापाशी जवाच्या चहाचा स्टीलचा मोठा पिंप. विभागप्रमुख छेसाहेब मधोमध बसलेले, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. बाजूला ह्वांगबाई.

पट्टे बघितल्याबरोबर आजोबांची पाठ ताठ झाली. मी मनात म्हटलं, आता मेलो आपण.

मावशीचा नंबर चौथा. प्रत्येकाला तीन मिनिटं. ती उठली, तर आजोबाही तिच्याबरोबर उठले. छेसाहेबांनी कौतुकानं विचारलं, "हेच का आजोबा? नाव काय आपलं?"

"प्यो दालसू. वय ब्याऐंशी. आज चौदा, गुरुवार." तारीख समोरच्या कापडी फलकावर लिहिली होती.

"वा! आजी, यांना काय झालंय? हे तर आमच्या कचेरीत कामाला ठेवावेत असे आहेत."

लोक हसले. कुत्सितपणे नव्हे, मायेनंच हसले. ते जास्त वाईट होतं. मावशीनं ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी अगदी तोंडाला लावून धरला होता, त्यामुळं तिचा श्वास सगळ्या सभागृहात ऐकू येत होता.

"त्यो... त्यो भितोय, सायेब. भितोय म्हनून बराबर बोलतोय."

"भितात? कशाला?"

"तुमाला."

पुन्हा हशा. छेसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. ती आणखी बोलायला बघत होती. घंटी वाजली. ती खाली बसली, आणि मला तिच्याकडं बघवेना.

मग सरपंच बसवर बोलले. कुणी दातांवर बोललं. कुणी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेवर. खिडक्यांतला उजेड राखाडी झाला. पाच वाजून गेले. मी चहा आणायला उठले, परत आले, तर मावशी मान खाली घालून बसलेली आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी.

मागचं दार उघडं होतं. बाहेर पार्किंग, पार्किंगच्या पलीकडं नदी.

सभा जागच्या जागी मोडली. खुर्च्या सरकल्या, माणसं बाहेर धावली. "प्योआजोबा! दालसूआजोबा!" छेसाहेबांनी स्वतः ध्वनिक्षेपक घेतला. "प्यो दालसू, जिथं असाल तिथून आवाज द्या. प्यो दालसू!" तो आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. कर्ण्यावरून नाव घेणारा सरकारी आवाज. मावशीनं डोळे घट्ट मिटले, मग उघडले.

ती कुठं बघत होती ते मी बघितलं. रंगमंचाच्या पडद्याखालून काळ्या रबरी बुटाचं टोक बाहेर आलं होतं. बोटभर.

मी निघालेच. तिनं माझं मनगट पकडलं.

"गप."

"मावशी, ते तिथं..."

"गप म्हन्ते न्हवं. शोधू दे त्यास्नी."

दारावर घड्याळ होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले, कारण दुसरीकडं कुठं बघावं कळेना. पाच मिनिटं. सात. ज्या बाईनं दोन वर्षं नवऱ्याची ओली गादी परक्याच्या नजरेला पडू दिली नाही, ती त्याला त्या अंधारात एकट्याला बसवून ठेवत होती, आणि तिला पुरतं ठाऊक होतं की आत तो काय ऐकतोय. नऊ मिनिटं. बाहेर विजेऱ्या नदीकडं हलत होत्या. ह्वांगबाई आत आल्या, घोट्यापर्यंत भिजलेल्या, तोंड पांढरंफटक. "साहेब, पोलिसांना... मला वाटतं पाण्यात..."

अकरा मिनिटांनी मावशी उठली. पिशवीतून लाकडी पळी काढली. त्या दिवसापासून ती बरोबर बाळगायची. दारापाशी जाऊन चहाच्या पिंपाच्या झाकणावर एक ठोका दिला. थांबली. मग दोन.

पडदा हलला. आजोबा गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. विजार ओली, एक बूट पायात, पांढऱ्या केसांत जळमट. त्यांनी मावशीकडं बघितलं.

"आये," ते म्हणाले, "गेले का?"

कुणी हसलं नाही.

मावशीनं त्यांना उठवून अंगाशी धरलं आणि छेसाहेबांकडं वळली. ध्वनिक्षेपक नव्हता, तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आता इचारा त्याला तारीख."

साहेबांनी हातातला ध्वनिक्षेपक टेबलावर ठेवला.

"सकाळच्याला येऊ नगासा, सांजच्याला या. ह्यो रोग सांजंला उठतोय. गळ्यात त्यो पट्टा घालू नगासा. आन मला येगळी बसवून इचारा, सैपाकघरात. नवऱ्याच्या तोंडाफुडं त्याचं हागनंमुतनं कसं सांगू म्या? कंची बाई सांगंल? सांगत न्हाई म्हनून तुमी लिवताय, बरं चाललंय." तिचा श्वास संपला. "अंगठा दिलाया म्या. न्यायचं तर मला न्या."

"आजी, तुम्हाला कोण कुठं नेणार?" छेसाहेब पुटपुटले.

परतताना घाटात ती गाडीत मागं बसली होती, आजोबांचं डोकं मांडीवर. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आक्रा मिंटं. आक्रा मिंटं म्या त्याला त्या भोकात ठिवला गं." पुढं बसलेल्या हादोंगचीनं आपली शाल काढून मागं दिली.

जानेवारीत ह्वांगबाई आल्या, साडेचारला. पट्टा नव्हता. अंगात साधं स्वेटर, हातात संत्री. घर पुसलेलं नव्हतं. मावशीला ते किती जड गेलं ते मी बघितलं. दर दोन मिनिटांनी तिचा हात फडक्याकडं जायचा आणि परत यायचा. बाई स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसल्या आणि तासभर ऐकत राहिल्या. बाहेर अंधारलं, तसे आजोबा उठून खड्ड्याकडं गेले. मावशीनं पळी बाईंच्या हातात दिली. "तुमी वाजवा."

बाईंनी आधी दोन दिले, मग एक. पेंढा हलला नाही.

"तसं न्हवं. एक. थांबा. थांबा म्हन्ते. आता दोन."

तिसरी श्रेणी मिळाली. माझे तीन तास परत मिळाले, वर संध्याकाळचा एक. तालुक्याच्या नव्या धोरणात एक ओळ आली, की स्मरणाच्या आजाराची तपासणी दुपारी चारनंतर करावी आणि घरच्या माणसाचं म्हणणं वेगळं ऐकावं. फक्त आमच्या तालुक्यापुरती, तीही एका वर्षासाठी. बसचं काही झालं नाही. पण परवा सरपंचांच्या कागदावर एकोणीस अंगठे होते. हादोंगचीनं आपला दिला तेव्हा म्हणाली, "माजा ट्रक आला तर गादी चांगली घाला म्हनावं."

मावशी अजून गाडीचा आवाज आला की खिडकीशी जाते. मागच्या आठवड्यात मी कचेरीत जाणार होते, तर मला म्हणाली, "त्यो माजा कागद कुटं ठिवलाय, बघून ये." मी गेले, विचारलं. कारकुनानं डोळे विस्फारले, पण फाईल काढून दाखवली. तिचा लाल अंगठा तसाच होता, कडेनं जरा फिसकटलेला.

"बगितलास?" दारातच तिनं विचारलं.

"बघितला."

"कुटं असतोय?"

"कपाटात. खालच्या कप्प्यात."

"कुलूप हाय?"

"आहे."

"आन चावी? चावी कुनाकडं असती?"

ते मी विचारलं नव्हतं. बाहेर ऊन डोंगराच्या कडेला गेलं होतं. आत आजोबा उठून उभे राहिले, आणि मावशी पळी घेऊन त्यांच्या मागं निघाली.